स्टिअरिंगचा दांडा : धरावा कुठे, सोडावा कुठे?

१/१४
१९५७ साली ब्रिटनमध्ये ‘लोटस सेव्हन’ ही छोटी स्पोर्ट्स कार दोन किमतींना मिळत असे. तयार गाडी घ्यावी, तर करासह १,०३६ पौंड. सुटे भाग घरी नेऊन स्वतः जोडावे, तर ५३६ पौंड. या स्वस्ताईबरोबर एक जोखमीचे कामही ग्राहकाच्या गळ्यात पडे : स्टिअरिंगचा दांडा नीट बसवण्याचे. त्या दांड्याच्या आधाराचा हा इतिहास. #धागा

२/१४
किमतीतील फरकाचे मूळ होते खरेदी करात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० साली लागू झालेला हा कर तयार मोटारीवर पडे, घरी जोडायच्या भागांवर नाही. लोटसचा संस्थापक कॉलिन चॅपमन याने ही फट अचूक हेरली. जोडणीची पुस्तिका देण्यास मनाई असल्याने त्याने गाडी ‘सुटी कशी करावी’ याची पुस्तिका दिली आणि ग्राहकांनी ती शेवटाकडून वाचली, अशी आख्यायिका आजही सांगितली जाते.

३/१४
घरी जोडलेल्या गाडीत इंजिन बिघडले, तर गाडी थांबते, एवढेच. स्टिअरिंगचे तसे नाही. चालकाच्या हातापासून पुढच्या चाकांपर्यंत जाणारा तो दांडा डगमगला, तर वळणावर चालकाचा अंदाज चुकतो. निखळला, तर गाडीवरचा ताबाच सुटतो. म्हणून त्याला भक्कम आधार हवा. मात्र या भक्कमपणाची दुसरी बाजू समजायला मोटारजगताला कित्येक दशके लागली.

४/१४
आरंभीच्या बहुतेक मोटारींना स्टिअरिंगचे चाक नव्हतेच. नावेच्या सुकाणूसारखा एक आडवा दांडा असे. १८९४ च्या पॅरिस-रुआँ स्पर्धेत आल्फ्रेड व्हाशरों याने आपल्या पानार गाडीला गोल चाक बसवले. मोटारीवरील अशा चाकाचे हे सर्वात जुन्या ज्ञात उदाहरणांपैकी एक. पुढे चाकच सर्वमान्य झाले आणि त्याच्याखाली एक लांब, तिरपा दांडा आला.

५/१४
हा दांडा बहुधा एकसंध पोलादी असे. एक टोक गाडीच्या नाकाजवळ, दुसरे चालकाच्या छातीसमोर. समोरासमोर धडक झाली की नाक मागे चेपले जाई आणि दांडा भाल्यासारखा आत येई. आधार जितका चिवट, तितका हा भाला सरळ. रोजच्या वापरात जे बळ वाटे, तेच अपघातात जीवघेणे ठरे.

६/१४
१९६५ साली अमेरिकेत राल्फ नेडर यांचे मोटारींच्या असुरक्षिततेवरील पुस्तक गाजले. शेव्हरोले कॉर्व्हेअर या गाडीतील स्टिअरिंगची पेटी पुढच्या आसाच्याही पुढे होती, म्हणजे धडकेच्या थेट वाटेवर. नेडर यांनी त्या धोक्यावर बोट ठेवले. ‘दुसरी धडक’ या कल्पनेवरही त्यांनी भर दिला : पहिली धडक गाडीची, दुसरी गाडीच्या आत माणसाची.

७/१४
युरोपात मर्सिडीज-बेंझचे अभियंते बेला बारेन्यी याच प्रश्नावर आधीपासून काम करत होते. धडकेत गाडीचे नाक चेपले जावे, पण बैठकीचा भाग शाबूत राहावा, या कल्पनेच्या पेटंटसाठी त्यांनी १९५१ साली अर्ज केला. १९६३ साली सुरक्षित स्टिअरिंग दांड्याचे पेटंटही त्यांच्या नावे झाले.

८/१४
जनरल मोटर्सने १९६७ च्या गाड्यांत दांड्याभोवतीची नळी जाळीदार केली. धडक बसताच ती जाळी दुमडून आघाताची ऊर्जा शोषून घेई. आतला दांडाही आता एकसंध राहिला नाही. त्याचे दोन भाग प्लास्टिकच्या खिळ्यांनी जोडलेले असत. खिळे तुटले की एक भाग दुसऱ्यात सरके.

९/१४
खरी खुबी होती आधारात. दांड्याला डॅशबोर्डखाली धरणारे ब्रॅकेट अशा रीतीने बसवले होते, की चालकाची छाती चाकावर आदळली तर ते आपल्या जागेवरून सुटून दांड्यासह पुढे सरकावे; पण समोरून दाब आला तर मागे येऊ नये. एरवी घट्ट, एका दिशेला अडसर, दुसऱ्या दिशेला मोकळी वाट.

१०/१४
१ जानेवारी १९६८ पासून अमेरिकेत हे कायद्याने बंधनकारक झाले. ताशी सुमारे ४८ किलोमीटर वेगाने गाडी भिंतीवर आदळली, तरी दांड्याचे वरचे टोक १२७ मिलिमीटरपेक्षा जास्त मागे येता कामा नये, असा नियम आला. चालकाच्या छातीवर चाकाने किती बल पडावे, यासही मर्यादा घातली गेली.

११/१४
इकडे ब्रिटनमध्ये घरी गाडी जोडणारे लोक दांडा जुन्या मोटारींतून काढून घेत. १९५९ च्या ट्रायम्फ हेराल्डचा आत सरकणारा दांडा त्यांच्या आवडीचा. १ एप्रिल १९७३ रोजी मूल्यवर्धित कर आला आणि करबचत संपली. छंद मात्र टिकला. १९९६ साली रॉन चॅम्पियन यांनी २५० पौंडांत स्पोर्ट्स कार बांधण्याचे पुस्तक लिहिले. त्यात बरेचसे भाग जुन्या फोर्ड एस्कॉर्टचे.

१२/१४
मेख इथेच होती. भंगारातून दांडा मिळे, पण ज्या डॅशबोर्डने तो तोलला होता, तो मागेच राही. आधार नव्याने घडवावा लागे. वरच्या भागाला दोन ठिकाणी बेअरिंग हवे, एकाच ठिकाणी असेल तर तो हलतो. पुढे इंजिनाला वळसा घालण्यासाठी दोन युनिव्हर्सल जॉइंट लावले, तर मधला तुकडा दोहोंमध्ये तोलून राहतो. तिसरा जॉइंट आला की साखळीसारखी लवचीकता येते; तिथे आणखी एक बेअरिंग अनिवार्य.

१३/१४
हलू नये म्हणून काही जण सगळेच वेल्डिंगने पक्के करण्याच्या मोहात पडत. त्यासरशी मूळ अभियंत्यांनी राखलेली ती मोकळी वाट बंद होई आणि नव्या गाडीत १९५० च्या दशकातला भाला परत येई. १९९८ साली ब्रिटनने अशा मोटारींसाठी स्वतंत्र तपासणी सक्तीची केली. २००९ पासून तिची जागा अधिक काटेकोर पद्धतीने घेतली. स्टिअरिंग धडकेत चालकाला इजा करणार नाही ना, हे त्यात पाहिले जाते.

१४/१४
करातील एका फटीने सामान्य माणसाला मोटार घडवण्याची संधी दिली आणि कारखान्याची जबाबदारीही त्याच्या गॅरेजमध्ये आणून ठेवली. संग्रहालयात जुनी मोटार पाहाल, तेव्हा चाकाखाली थोडे वाकून पाहा. दांडा कुठे धरला आहे आणि धडकेत कुठून सुटेल, याचे उत्तर तिथे मिळाले, तर ती गाडी १९६७ च्या अलीकडची की पलीकडची, याचा अंदाज बहुतेक वेळा बांधता येईल.