एक तार, अनेक यंत्रें

मुंबईहून नागपुरास जाणारा लोहमार्ग १८६७ सालीं पुरा झाला, तेव्हां तो अकोल्यावरून गेला; अमरावतीस मात्र आला नाहीं. अमरावतीकरांस गाडी धरण्यासाठीं बडनेऱ्यास जावें लागे, आणि पुढें बडनेऱ्याहून एक फांटा काढून शहर मुख्य मार्गास जोडण्यांत आलें. मुख्य मार्ग एक, त्यास फांटा एक, आणि त्या फांट्यावर साऱ्या शहराची ये-जा, ही व्यवस्था वऱ्हाडास जुनी आहे. घरांत आलेल्या एकाच इंटरनेट-जोडणीवर तीन-चार संगणक चालविण्याची युक्ति गेल्या तीस वर्षांत रूढ झाली. तिचा इतिहास पाहतांना बडनेऱ्याचें स्टेशन डोळ्यांपुढें ठेवलें म्हणजे पुष्कळसा उलगडा होतो.

एका तारेवर अनेकांनीं आपलें काम साधावें ही गरज तारायंत्राइतकीच जुनी. १८७० सालीं समुद्रांतील तारेनें मुंबई इंग्लंडशीं जोडली गेली आणि वऱ्हाडच्या कापसाचा व्यापार परदेशच्या भावाकडे अधिकच डोळे लावून बसूं लागला. तार टाकणें खर्चाचें, आणि तारेवरून एका वेळीं जाणार एकच संदेश. फ्रान्समधील एमिल बोदो यानें १८७४ च्या सुमारास यावर तोड काढली: तार एकच, परंतु तिच्यावर चौघां-पांचांनीं क्षणाक्षणाच्या पाळीनें संदेश पाठवावयाचे. पाळी इतकी जलद कीं प्रत्येकास वाटावें, तार आपलीच आहे. आजच्या घरांतहि याहून निराळें कांहीं घडत नाहीं.

हिंदुस्थानांत सामान्य ग्राहकांसाठीं इंटरनेट आलें तें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं, विदेश संचार निगमाच्या द्वारें, आणि प्रथम मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या शहरांत. अकोला-अमरावतीच्या मनुष्यास त्याचा लाभ घ्यावयाचा तर दूरच्या शहरास ट्रंक-दरानें फोन लावून तो चालू ठेवावा लागे. इंटरनेट महागच, त्यावर फोनचें बिल निराळें. शिवाय मोडेम बोलत असेतों घरचा टेलिफोन अडलेला. मुलाचें पत्र संगणकावर येत आहे आणि वडिलांस कापसाच्या दलालाचा फोन यावयाचा आहे, तर कोणी थांबावें? ही पहिली वाटणी यंत्रांची नव्हे, माणसांची होती.

तार पुरेना हें एक, आणि पत्ते पुरेनात हें दुसरें. इंटरनेटवरील प्रत्येक यंत्रास क्रमांकरूपी पत्ता लागतो. १९८१ च्या नियमांनीं तो बत्तीस अंकस्थानांचा ठरविला. तीं स्थानें शून्य किंवा एक यांनींच भरावयाचीं. त्यांतून जास्तींत जास्त ४,२९,४९,६७,२९६ पत्ते होतात. त्या काळीं ही संख्या अफाट वाटली. परंतु पृथ्वीवर माणसेंच तिच्याहून अधिक झालीं! मे १९९४ मध्यें केल्ड एगेवांग व पॉल फ्रान्सिस यांनीं एक तात्पुरता उपाय मांडला. तो तात्पुरता आहे असें त्यांनीं स्वतःच म्हटलें होतें, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

उपाय वाड्याच्या उदाहरणानें समजतो. वाड्यांत दहा बिऱ्हाडें, पण टपालखात्यास ठाऊक पत्ता वाड्याचा एकच. दारांत एक दिवाणजी बसला आहे. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्रावर तो वाड्याचा पत्ता घालतो आणि कोणत्या बिऱ्हाडाचें पत्र कोठें गेलें याची वहींत नोंद करून, पाकिटावर एक खुणेचा अंक टाकतो. उत्तर आलें कीं अंक पाहून तें त्या बिऱ्हाडास पोंचवितो. आंतील बिऱ्हाडांसाठीं १९२.१६८ ने आरंभ होणारे व आणखी कांहीं क्रमांक फेब्रुवारी १९९६ मध्यें राखून ठेवण्यांत आले. ते प्रत्येक वाड्यांत पुन्हां पुन्हां वापरले तरी चालतात, कारण ते उंबरठ्याबाहेर जात नाहींत.

१९९९ सालीं विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तींत हा दिवाणजी सामान्य गृहस्थाच्या संगणकांतच येऊन बसला. मात्र तो ज्या संगणकांत असे तो बंद केला कीं साऱ्यांचें इंटरनेट गेलें. थोरल्या भावानें आपलें यंत्र मिटलें कीं धाकट्याचें काम अर्धवट.

ही अडचण संपली ती जानेवारी २००५ मध्यें भारत संचार निगमानें ब्रॉडबँड चालू केल्यावर. टेलिफोनच्या त्याच तांब्याच्या तारेवर आवाजास खालचा पट्टा व संगणकास वरचा, अशी वाटणी झाल्यानें फोन मोकळा राहूं लागला. दिवाणजी आतां राउटर नांवाच्या लहानशा पेटींत राहावयास गेला. वेग २५६ किलोबिट. एका लोकप्रिय योजनेंत रात्रीं दोन ते सकाळीं आठ हिशेब होत नसे, म्हणून होतकरू तरुण गजर लावून दोनास उठत! अभ्यासासाठीं इतक्या अपरात्रीं उठणारे किती निघाले असते, हा प्रश्न बाजूस ठेवलेला बरा.

या सोयीची एक बाजू मात्र उपेक्षित राहिली. दिवाणजी बाहेर गेलेल्या पत्राचें उत्तर आंत घेतो. परंतु बाहेरून आपण होऊन आलेला पाहुणा कोणत्या बिऱ्हाडाचा, हें त्यास कळत नाहीं व तो त्यास परतवितो. चोराचिलटांपासून थोडें संरक्षण झालें हें खरें, पण घरचा संगणक बोलावयास समर्थ आणि बोलावणें घेण्यास असमर्थ झाला. ज्या जाळ्यांत सारीं यंत्रें समान दर्जाचीं असावयाचीं, त्यांत घरें केवळ गिऱ्हाइकें झालीं. दुकान मांडावयाचें तर जागा दुसऱ्याची भाड्यानें घ्यावी लागे. शिवाय एका पत्त्याआड अनेक जण, म्हणून कोणीं आगळीक केली तर प्रथम विचारणा ज्याच्या नांवें जोडणी आहे त्यासच. शेजाऱ्यास वायफायचा परवलीचा शब्द सहज देणाऱ्या भिडस्त गृहस्थांनीं हें फारसें ध्यानांत घेतलेलें दिसत नाहीं.

३ फेब्रुवारी २०११ रोजीं मध्यवर्ती भांडारांतील पत्त्यांचे शेवटचे गठ्ठे वांटून संपले. पुढल्या वर्षीं एप्रिलमध्यें कंपन्यांसाठीं आणखी एक राखीव मालिका ठरली, आणि वाड्याच्या दिवाणजीवर पेठेचा दिवाणजी बसला: आतां एका पत्त्यामागें शेंकडों घरें असूं शकतात. खरा उपाय, एकशें अठ्ठावीस अंकस्थानांचा नवा पत्ता, डिसेंबर १९९५ मध्येंच कागदावर आला होता. हिंदुस्थानांत त्याचा प्रसार झाला तो २०१६ नंतर, मोबाइलच्या नव्या जाळ्यांमुळें, आणि आज येथील निम्म्याहून अधिक ग्राहकांपाशीं तो पोंचला आहे. तरीहि अकोल्याच्या व अमरावतीच्या घरोघरीं राउटरमधील तो तात्पुरता दिवाणजी आपली वही उघडून बसलेलाच आहे.