जुळणी आणि निर्मिती: अमेरिकन मोटारींच्या प्रतिकृती व आपल्या रस्त्यांचा इतिहास

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काही जणांना नवल वाटलं असेल. आम्ही हयात तत्त्वज्ञान शिकवण्यात घालवली, आणि आज हिंगोलीत बसून बोलणार कशावर, तर जुन्या अमेरिकन मोटारींच्या वीतभर प्रतिकृतींवर. प्लास्टिकच्या किटमधून जोडायच्या, रंगवायच्या आणि कपाटात ठेवायच्या गाड्या. हा पोरखेळ आहे की त्यात विचार करण्यासारखं काही आहे, एवढाच प्रश्न आज घेऊ.

सुरुवात घरापासून करू. पोळ्याला आपल्याकडे मातीचे बैल करून पुजतात. दिवाळीत मुलं अंगणात किल्ला करतात. भातुकलीत अख्खं स्वयंपाकघर परातीत मावतं. दसऱ्याला आपल्या हिंगोलीत रावण उभा राहतो, तो बघायला आसपासच्या गावांतून माणसं येतात. म्हणजे प्रतिकृती आपल्याला नवीन नाही. पण मातीच्या बैलाला कोणी पट्टी लावत नाही. वशिंड आणि शिंगं ओळखू आली की काम झालं. प्रमाणबद्ध प्रतिकृतीचं तसं नसतं. ती बघणाऱ्याला सांगते, माझं माप घे आणि मूळ वस्तूशी ताडून पाहा. साम्य दाखवणं वेगळं आणि मापाची जबाबदारी घेणं वेगळं.

हा विचार फार जुना आहे बरं का. पाणिनीने प्रतिकृतीसाठी वेगळा प्रत्यय सांगितला आहे. अश्व म्हणजे घोडा, आणि घोड्याची प्रतिकृती ती अश्वक. पुढे तो आणखी एक भेद करतो. जी मूर्ती उपजीविकेचं साधन आहे पण विक्रीसाठी नाही, तिला हा प्रत्यय लागत नाही. म्हणजे वस्तू तशीच, पण ती कशासाठी आहे यावरून तिचं नाव बदलतं. हा भेद लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता डेट्रॉइटकडे जाऊ. १९४८ साली तिथे एएमटी नावाची कंपनी निघाली. सुरुवातीला ती ॲल्युमिनियमच्या छोट्या फोर्ड गाड्या बनवायची, त्या गाड्यांच्या विक्रेत्यांसाठी. गिऱ्हाईक दुकानात आलं की टेबलावर नव्या गाडीची प्रतिकृती दिसावी, हा हेतू. १९५८ मध्ये याच कंपनीने त्या वर्षीच्या गाड्यांची प्लास्टिकची किट बाजारात आणली. प्रमाण १:२५. एकाच खोक्यातून तीन प्रकारे गाडी करता यायची: कारखान्यातून निघते तशी, हौशी माणसाने सजवलेली, किंवा शर्यतीची. अमेरिकेत एका पिढीने ही किट जोडली.

त्याच्याही आधी जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी विभागाने १९३० पासून मुलांसाठी स्पर्धा चालवली होती. आधी नेपोलियनच्या घोडागाडीची हुबेहूब प्रतिकृती करायची असे. १९३७ पासून स्वतः कल्पिलेल्या मोटारीचा नमुना करायचा मार्गही खुला झाला. बक्षीस म्हणून शिष्यवृत्ती मिळे. १९४७ चा विजेता चक जॉर्डन पुढे जनरल मोटर्सच्या डिझाइन विभागाचा प्रमुख झाला. त्या विभागाची पद्धतही पाहा. १९२७ पासून हार्ले अर्ल यांनी तिथे मोटारीचा आकार आधी खास मातीत घडवायचा शिरस्ता पाडला. म्हणजे आपण जिची प्रतिकृती करतो ती गाडी मुळात स्वतःच एक नमुना होती. तिकडेही सुरुवात मातीपासूनच.

आता आपल्या बाजूला या. फोर्डने मुंबईत १९२६ साली कंपनी काढली. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला कारखाना घातला. पण या कारखान्यांत होत काय होतं? गाड्या सुट्या भागांच्या रूपात पेट्यांमधून बोटीने यायच्या. पेट्या उघडायच्या आणि भाग जोडायचे. मंडळी, हे किटच झालं की! मुंबईत तयार झालेली शेवरलेट ही १:१ प्रमाणातली किटची गाडी होती.

इथे सोलापूरचे वालचंद हिराचंद येतात. मोटारीचा कारखाना आपल्या देशात उभा राहावा यासाठी विश्वेश्वरय्या यांनी योजना मांडली होती, वालचंदांनी ती उचलून धरली. ब्रिटिश सरकारने युद्धकाळात साथ दिली नाही. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली, अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी सहकार्य ठरलं आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज, प्लिमथ, डिसोटो. नावं तीन, पण अंग बरंचसं एकच. परदेशी बाजारासाठीची डॉज किंग्जवे किंवा डिसोटो डिप्लोमॅट म्हणजे मुळात प्लिमथच, समोरची जाळी आणि नावाच्या पट्ट्या बदललेली.

त्यानंतर १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने मोटार उद्योगाचा अहवाल दिला. त्याचं सार असं, की ज्यांचा इथेच भाग बनवण्याचा कार्यक्रम नाही, जे नुसती जुळणी करतात, त्यांना यापुढे जागा नाही. फोर्ड आणि जनरल मोटर्स १९५४ च्या सुमारास इथून गेल्या. प्रीमियर राहिली आणि त्याच वर्षी फिएटकडे वळली. तिचीच पुढे पद्मिनी झाली.

जुळणी आणि निर्मिती यांत फरक आहे, असं त्या अहवालाने देशाला सांगितलं. आमचं म्हणणं असं, की किट जोडणाऱ्याच्या टेबलावरही नेमका हाच फरक असतो. खोक्यातले भाग सूचनेबरहुकूम चिकटवले की ती जुळणी. प्रत्येक भाग तिथे का आहे हे विचारायला लागलो की निर्मिती सुरू होते. या छंदात त्याला डिटेलिंग म्हणतात. मराठीत आपण तपशील भरणं म्हणू.

आता थोडं हिशेबाने पाहू. १९५७ ची शेवरलेट बेल एअर ही किटच्या दुनियेतली लाडकी गाडी. तिची लांबी २०० इंच, म्हणजे ५०८ सेंटिमीटर. १:२५ प्रमाणात ती साधारण २० सेंटिमीटर होते. साडेपाच फूट उंचीचा माणूस तिच्याशेजारी पावणेसात सेंटिमीटरचा. दाराची ५ मिलिमीटरची फट ०.२ मिलिमीटर उरते. आता रंग घ्या. प्रतिकृतीवर रंगाचा थर ०.१ मिलिमीटर बसला, तर खऱ्या गाडीवर अडीच मिलिमीटर जाड थर थापल्यासारखं झालं. दाराच्या फटी बुजतात आणि गाडी गुळाच्या ढेपेसारखी दिसते. म्हणून रंग पातळ करून, अनेक हात द्यायचे, प्रत्येक हात वाळू द्यायचा, मधे बारीक वॉटर पेपर पाण्यात भिजवून फिरवायचा. आपल्याकडच्या उन्हाळ्यातली धूळ तर वैरीणच. ०.०५ मिलिमीटरचा कण ओल्या रंगात बसला, की प्रमाणात तो सव्वा मिलिमीटरचा खडा होतो. गावातले डेंटिंग-पेंटिंगवाले हे सगळं जाणतात, लांबी कुठे भरायची आणि कुठे नाही हेसुद्धा. फक्त त्यांचं प्रमाण १:१ असतं.

पण खरा प्रश्न कौशल्याचा नाही. तो असा: आपण कोणती गाडी करतो आहोत?

बाजारातली बहुतेक किट दोन दारांच्या गाड्यांची असतात. टप उघडणाऱ्या, किंवा मधला खांब नसलेल्या. स्टिअरिंग डावीकडे. इंजिन आठ सिलिंडरचं. रंग कॅटलॉगमधले. ज्या गाडीची स्वप्नं अमेरिकन तरुण बघत होता ती ही गाडी. आणि १९५७ ची बेल एअर रस्त्यावर आली तोवर शिवडीची जुळणी बंद होऊन तीन वर्षं लोटली होती. मुंबईत टॅक्सी म्हणून राबलेली, लग्नाच्या वऱ्हाडाला भाड्याने गेलेली गाडी चार दारांची होती. स्टिअरिंग उजवीकडे. इंजिन सहा सिलिंडरचं. डोक्यावर सामानाचं कॅरिअर. किटने जी आठवण जपली ती हौसेची, आपल्याकडे झाला तो वापर.

तर समजा, कुणी कुर्ल्याची डॉज करायला बसला. त्याला दोन दारांच्या जागी चार दारांच्या रेषा कोरायला लागतील, मधला खांब घडवायला लागेल. डॅशबोर्ड उजवी-डावीकडे उलटा करायचा, पेडल आणि स्टिअरिंगचा दांडा उजवीकडे न्यायचा. इंजिनवर वितरकापासून प्लगपर्यंत वायरी ओढायच्या. बेल एअरच्या आठ सिलिंडरला नऊ वायरी लागतात, आठ प्लगच्या आणि एक कॉइलची. इथे सात. शिवाय क्रायस्लरच्या त्या जुन्या इंजिनात व्हॉल्व्ह बाजूला असल्यामुळे प्लग डोक्यावर उभे असतात. खऱ्या ७ मिलिमीटरच्या वायरीसाठी ०.२८ मिलिमीटरची तार. हे करायचं तर इंजिन कसं चालतं हे कळावं लागतं. टॅरिफ कमिशनला अभिप्रेत असलेली निर्मिती टेबलावर उतरते ती इथे.

आणि पुरावा कुठून आणायचा? इथे प्रतिकृती करणारा आणि इतिहासकार एकाच बाकावर बसतात. जुने फोटो आहेत, पण बहुतेक कृष्णधवल. त्यावरून जाळीचा आकार कळतो, रंग कळत नाही. मुंबईच्या रस्त्यांवर चित्रित झालेले त्या काळचे चित्रपट आहेत, १९५६ चा सी.आय.डी. घ्या. त्यात नायक-नायिकेकडे न बघता मागून जाणाऱ्या गाड्यांकडे बघावं लागतं. कंपनीची जाहिरात हा पुरावा आहे, पण विकणाऱ्याचा. ड्रायव्हरची आठवण हाही पुरावा आहे, पण वय झालेल्या माणसाचा. एकाने दुसऱ्याला तपासायचं. जिथे काहीच हाती लागत नाही तिथे तपशील भरू नये. रिकामी जागा बघणाऱ्याला प्रश्न विचारायला लावते, बनावट तपशील त्याचं तोंड बंद करतो.

ग्रीकांचा जहाजाचा प्रश्न तुम्हाला ठाऊक असेल. थेसियसच्या जहाजाची एकेक फळी बदलत गेली, सगळ्या बदलल्यावर ते तेच जहाज का? आपल्याकडे हा प्रश्न पुस्तकातला नव्हता, गॅरेजमधला होता. अमेरिकन गाड्यांचे सुटे भाग मिळेनासे झाले, पेट्रोल परवडेना, तेव्हा मेकॅनिकांनी कित्येक गाड्यांत डिझेल इंजिनं बसवली. पत्रा ठोकून मडगार्ड घडवले. आज एखादा संग्राहक अशी गाडी विकत घेतो तेव्हा पहिलं काय करतो? ते डिझेल इंजिन काढून टाकतो आणि परदेशातून मूळ इंजिन मागवतो. गाडी पुन्हा कॅटलॉगसारखी होते, आणि तिला तीस वर्षं चालती ठेवणाऱ्या माणसांची खूण पुसली जाते. प्रतिकृतीला ही सक्ती नाही. ती ठोकलेला मडगार्ड आणि बदललेलं इंजिन जसंच्या तसं दाखवू शकते. दुरुस्त केलेली खरी गाडी जे सांगत नाही, ते वीतभर प्लास्टिक सांगू शकतं. आमच्या मते या छंदाचं मोल यात आहे.

आता पाणिनीचा भेद पुन्हा घेऊ. जकातीच्या दर-पत्रकात खेळणी आणि प्रमाणबद्ध प्रतिकृती एकाच सदरात येतात, क्रमांक ९५०३. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरचे संख्यात्मक निर्बंध १ एप्रिल २००१ ला उठले. त्याआधी असं किट हवं तर परदेशातल्या नातलगाच्या बॅगेतून यायचं. पुढे खेळण्यांवरची आयात जकात २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली आणि २०२३ मध्ये ७० टक्के. देशी खेळणी उद्योगाला आधार मिळावा हा हेतू आहे, आणि तो गैर म्हणता येणार नाही. पण कायद्याने प्रतिकृतीला खेळणं म्हटलं म्हणून ती खेळणंच ठरते का? पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून लोकांना खुलं आहे. तिथे १:८७ प्रमाणात सिग्नल, रूळ आणि गाड्या चालताना दिसतात. शाळेची मुलं तिथून रेल्वे कशी चालते हे समजून बाहेर पडतात. रेल्वेला तो जागा मिळाली, मोटारीला अजून मिळायची आहे.

आपला मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, म्हणून मुंबईच्या मोटारींचा इतिहास लिहिताना आपण बाजूला पडतो. पण युद्धानंतर लष्कराने मोडीत काढलेले फोर्ड आणि शेवरलेटचे ट्रक देशभर विकले गेले, त्यांना लोक डिस्पोजलची गाडी म्हणत. कुर्ल्याचे डॉज आणि फार्गो ट्रक कापसाच्या गाठी वाहत होते. ज्यांनी ते चालवले, ज्यांनी त्यांच्याखाली आडवं पडून बोल्ट कसले, ती माणसं आज आमच्याहून वयाने मोठी आहेत. त्यांच्यातली थोडीच उरली आहेत.

म्हणून तुम्हाला एक काम सांगतो. आपल्या जिल्ह्याच्या गाड्यांना एमएच-३८ हा क्रमांक जिल्हा झाल्यावर मिळाला, त्याआधी परभणीचा एमएच-२२ होता, त्याच्याही आधीच्या पाट्या वेगळ्या. घरात जुनं आरसी बुक असेल, गाडीसमोर उभं राहून काढलेला लग्नातला फोटो असेल, तर त्याची नीट प्रत करून ठेवा. फोटोतल्या माणसांची नावं मागे लिहिता, तशी गाडीही लिहा: कुठल्या कंपनीची, दारं किती, रंग कोणता होता, कोण चालवायचं, शेवटी कुठे गेली. आजोबा सांगत असतील तर आज संध्याकाळीच विचारा. उद्या एखादी मुलगी टेबलावर चार दारांची डॉज करायला बसली, तर तिला तुमच्या त्या चार ओळी लागतील.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर अवश्य विचारा.