पेनीभर गोष्ट

साल १८५०, लंडन, उन्हाळ्यातली संध्याकाळ. सेव्हन डायल्सच्या नाक्यावर एक फेरीवाला घसा ताणून खुनाचे आणि फाशीचे कागद विकतोय. गेल्या नोव्हेंबरात मॅनिंग नवराबायको फासावर गेले, तेव्हा असले २५ लाख कागद खपले, असं पत्रकार हेन्री मेह्यू पुढच्या वर्षी लिहिणार आहे.

तुम्ही कागद न घेता बोळात शिरता. आतल्या आवारात दिवसभर गाडी ढकलून आलेले भाजीवाले, मासळीवाले टेकलेत. बायका आहेत, पाइप ओढणारी पोरं आहेत. दहा-बारा जणांत वाचता येतं ते एकालाच. उजेड आहे तोवर, पोथी लावावी तसा तो जॉर्ज रेनॉल्ड्सच्या 'मिस्टरीज ऑफ द कोर्ट ऑफ लंडन'चा अंक उघडतो.

अंक एका पेनीचा; आठ पानं आणि वर एक ठसठशीत चित्र. 'टाइम्स' घ्यायचा तर पाच पेनी मोजा! वर्तमानपत्रावर सरकारी मुद्रांकाची पेनी बसते, ती १८५५ साली उठेल. गोष्टीवर हा कर नाही. म्हणून बातम्या साहेबाच्या टेबलावर आणि कथा या आवारात.

तुम्ही मुकाट ऐकायला बसता, पण इथे मुकाट कोणीच ऐकत नाही. चित्रातला माणूस कोण, त्याने केलं काय, हे आधी सांगावं लागतं. अक्षरओळख नसलेला एखादा गडी नुसत्या चित्रापायी अंक विकत घेतो आणि वाचणारा शोधत फिरतो. गोष्टीत पोलीस आला की सगळ्यांच्या जिभा सुटतात. उमरावांची लफडी निघाली की टोमण्यांना ऊत येतो. एडवर्ड लॉइडच्या रक्ताळलेल्या कथांचा त्यांना आता कंटाळा आलाय. रेनॉल्ड्स मात्र हवा, कारण तो बड्यांची बिंगं फोडतो. कामगारांना मताचा हक्क मागणाऱ्या चार्टिस्ट चळवळीतलाच तो!

याच रेनॉल्ड्सच्या कादंबरीचा आधार घेऊन १८८५ साली पुण्यात हरी नारायण आपटे 'मधली स्थिती' लिहितील. त्यांचा वाचक शिकलेला असेल.

इथल्यांची गणती मात्र वेगळी होईल. लग्नाच्या नोंदवहीत सहीऐवजी फुली मारणारा तो निरक्षर, असा हिशेब पुढे इतिहासकार मांडतील. त्या हिशेबाने या आवारात वाचक एकच. अंक मात्र सगळ्यांनी वाचला, आणि त्यावर भांडलेही.