पऱ्हाटीच्या ढिगाखालची अंडी

उन्हाळ्यात आमच्या यवतमाळकडे धुऱ्यावरचा पऱ्हाटीचा ढीग उचलला किंवा जुन्या गोठ्याची भिंत पाडली, की कधीकधी खाली पांढरी, लांबट, मऊ कवचाची अंडी सापडतात. पूर्वी ती तिथेच ठेचली जात. आता पुष्कळदा सर्पमित्राला फोन जातो, वनखात्याला कळवले जाते आणि अंडी डब्यात उबवली जातात. ही विद्या आली कुठून, हे पाहू लागलो तेव्हा मी पॅरिसला जाऊन पोहोचलो. अर्थात पुस्तकांतूनच!

१८३२ साली लामार-पिको या फ्रेंच निसर्गअभ्यासकाने भारतात पाहिलेली एक गोष्ट पॅरिसच्या विद्वानांना सांगितली. अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून त्यांना ऊब देते, असे त्याचे म्हणणे होते. थंड रक्ताचा प्राणी ऊब कुठून देणार, म्हणून ते कोणाला पटेना. १८४१ साली पॅरिसच्याच प्राणिसंग्रहात एका मादीने अंडी घातली. व्हालाँसियेन यांनी तापमान मोजले आणि ऊब खरी निघाली. मादी स्नायू आखडत, जणू कुडकुडत, ही उष्णता निर्माण करते, हे न्यूयॉर्कच्या संशोधकांनी १९६६ साली दाखवून दिले.

आपल्याकडे या विद्येला सरकारी बळ मिळाले ते मगरींमुळे. कातड्यासाठी झालेल्या शिकारीने मगरी संपत आल्या, तेव्हा १९७५ साली मगर प्रकल्प सुरू झाला. नदीकाठची अंडी आणून उबवायची, पिले वाढवायची आणि पुन्हा पाण्यात सोडायची. शेजारच्या ताडोब्यातही मगरपालन केंद्र झाले. ओडिशातील नंदनकाननमध्ये १९८० साली घडियालाची बंदिवासात वीण झाली. त्यासाठी नर फ्रँकफुर्टहून आला होता. मद्रासच्या मगर केंद्रातील अभ्यासातून तर नवलच कळले. मगरीची अंडी ३१ अंशांपर्यंत ठेवली तर माद्याच निघतात, साडेबत्तीसच्या आसपास नर!

सापांचे तसे नाही. त्यांचे लिंग गुणसूत्रे ठरवतात. पण उष्णता त्यांनाही सोडत नाही. नागाची अंडी २८ ते ३० अंशांत, दमट पण ओल्या नव्हे अशा नारळाच्या भुशात, साधारण दोन महिन्यांत फुटतात. आमच्याकडे मे महिन्यात टिनाच्या छपराखाली तोच डबा ठेवला, तर पिले आतच मरतात किंवा वाकड्या कण्याची निघतात. दुसरी गोष्ट कोंबड्या पाळणाऱ्यांसाठी. कोंबडी अंडी फिरवते, सापाची अंडी मात्र फिरवायची नाहीत. गर्भ लवकरच कवचाच्या आतल्या बाजूला चिकटतो; अंडे उलटले की तो दगावू शकतो. म्हणून जाणता सर्पमित्र उचलण्याआधी प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने खूण करतो, आणि ती बाजू वरच ठेवतो.

लोक मला विचारतात, मग विषासाठी साप असेच का वाढवत नाहीत? प्रश्न रास्त आहे. एका मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात देशात वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे सर्पदंशाने गेली. त्यांत कापसाच्या आणि सोयाबीनच्या शेतात राबणारे किती असतील, ते वेगळे सांगायला नको. पण चार मुख्य विषारी सापांपैकी अंडी घालतात फक्त नाग आणि मण्यार. घोणस आणि फुरसे थेट पिलांनाच जन्म देतात. त्यातही मण्यार मुख्यतः दुसरे साप खाते, मग तिच्या पिलांना रोज काय घालणार? शिवाय नागाचे पिलू पूर्ण वाढायला वर्षे लागतात. तेव्हा देशातले बरेचसे विष अजूनही तमिळनाडूतील इरुला जमातीच्या, १९७८ साली स्थापन झालेल्या सहकारी संस्थेकडून येते. ते लोक रानातले साप पकडतात, काही आठवडे ठेवून विष काढतात आणि पुन्हा सोडून देतात.

यात आपल्याला बोचणारी एक बाब आहे. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशाप्रमाणे बदलते. दक्षिणेतल्या सापांच्या विषावर बनलेले औषध दुसरीकडच्या दंशावर कधीकधी कमी पडते, असे संशोधकांना आढळले आहे. २०२४ साली केंद्र सरकारने सर्पदंशाचा राष्ट्रीय आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे, असे त्याचे उद्दिष्ट आहे. डब्यातल्या पिलांचा त्या औषधाशी संबंध नाही. ती पहिली कात टाकण्याच्या सुमारास, वनखात्याच्या देखरेखीखाली, सापडली त्या शिवाराजवळ सोडली जातात. विष मात्र त्यांच्यात अंड्यातून बाहेर पडल्यापासूनच असते, म्हणून डब्याचे झाकण उघडणारा पायात बूट घालूनच येतो.