रॉकीचा पुतळा आधी, फ्रेझरचा नंतर

रायन कूगलर या कृष्णवर्णीय दिग्दर्शकाचा 'क्रीड' (२०१५) आपल्याकडच्या अनेक तरुणांनी पाहिला असेल. जिममध्ये त्यातली दृश्ये लावून व्यायाम करणारेही आहेत. चित्रपट चांगला आहे, जरूर पाहावा. पण तो वारशाबद्दल बोलतो, आणि वारसा म्हटला की आपण पहिला प्रश्न विचारला पाहिजे: किल्ली कोणाच्या हातात आहे?

अडॉनिस जॉन्सन हा हेवीवेट विजेता अपोलो क्रीडचा, लग्नाबाहेर झालेला मुलगा. बाप त्याच्या जन्माआधीच रिंगमध्ये मेलेला. बापाच्या जुन्या प्रशिक्षकाचा मुलगा लॉस एंजलिसमध्ये जिम चालवतो, तो अडॉनिसला शिकवायला नकार देतो. मग अडॉनिस फिलाडेल्फियाला जातो आणि रॉकी बाल्बोआला गुरू करतो. म्हणजे काळ्या बापाचा वारसा काळ्या मुलाला मिळतो, पण एका गोऱ्या माणसाच्या दारातून. त्या वर्षी 'क्रीड'ला ऑस्करचे एकच नामांकन मिळाले आणि तेही रॉकी साकारणाऱ्या सिल्व्हेस्टर स्टॅलोनला. अभिनयाच्या चारही गटांतले वीसच्या वीस उमेदवार त्या वर्षी गोरे होते.

आता खऱ्या फिलाडेल्फियाकडे या. साउथ कॅरोलायनातल्या गरीब शेतकरी कुटुंबात १९४४ साली जन्मलेला जो फ्रेझर याच शहरात कत्तलखान्यात काम करायचा. टांगलेल्या मांसावर ठोसे मारायचा, आर्ट म्युझियमच्या पायऱ्या धावत चढायचा, असे तो स्वतः सांगत असे. 'रॉकी'तली (१९७६) जगभर गाजलेली दोन दृश्ये नेमकी हीच. फ्रेझरने १९६४ साली टोकियोत ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकले, तेही अंगठा मोडलेला असताना. ८ मार्च १९७१ रोजी त्याने मुहम्मद अलीला हरवले. 'रॉकी'त त्याला काय मिळाले? क्षणभराची पाहुण्याची भूमिका.

रॉकी नावाचा माणूस कधी जगलाच नाही. तरी 'रॉकी ३'साठी (१९८२) बनवलेला त्याचा ब्राँझचा पुतळा २००६ मध्ये म्युझियमच्या पायऱ्यांपाशी उभा राहिला आणि लोक रांग लावून त्याच्यासोबत फोटो काढतात. फ्रेझर २०११ साली गेला. त्याची जिम २००८ मध्येच बंद पडली होती, तिथे फर्निचरचे दुकान आले. त्याचा पुतळा उभा राहिला सप्टेंबर २०१५ मध्ये, म्हणजे 'क्रीड' प्रदर्शित होण्याच्या जेमतेम दोन महिने आधी. पुतळ्यांचे राजकारण आपल्याला कोणी शिकवायला नको.

पण गोरा गुरू दाखवला म्हणून चित्रपट खोटा, असा माझा मुद्दा नाही. इतिहास इतका सरळ नसतो. बंडाचे प्रतीक झालेल्या अलीचा प्रशिक्षक अँजेलो डंडी गोरा होता आणि त्याला सुरुवातीला पैसे पुरवणारे लुइव्हिलचे अकरा व्यावसायिकही गोरे होते. ज्या फ्रेझरला अलीने 'अंकल टॉम' म्हणजे गोऱ्यांचा चाकर म्हणून हिणवले, गोरिला म्हटले, त्याचे दोन्ही गुरू, यांक डरहॅम आणि एडी फच, काळे होते. शेतमजुरीतून वर आलेल्या माणसाला चळवळीच्या नायकाने असे बोलावे, हे अलीवर प्रेम करणाऱ्यांनी नजरेआड करू नये. फ्रेझरला ती जखम आयुष्यभर पुरली.

माझी तक्रार विस्मरणाबद्दल आहे. काळ्या गुरूंची अखंड साखळी अस्तित्वात होती. जॅक ब्लॅकबर्नने जो लुईला घडवले. आधी तो तयारच नव्हता, कारण जॅक जॉन्सननंतर काळ्या हेवीवेटला गोरे लोक विजेतेपदाची संधीच देणार नाहीत हे त्याला ठाऊक होते. लुईचे व्यवस्थापक जॉन रॉक्सबरो आणि ज्युलियन ब्लॅक हेही काळेच. त्यांनी त्याला नियम घालून दिले: हरलेल्या गोऱ्यासमोर आनंद दाखवायचा नाही, गोऱ्या बाईसोबत फोटो काढायचा नाही. ठोशाइतकेच जिवंत राहणेही शिकवावे लागत होते.

डेट्रॉइटमध्ये याच लुईसोबत वजनाने कितीतरी हलका एडी फच सराव करायचा. हृदयाच्या दोषामुळे त्याला खेळ सोडावा लागला आणि तो प्रशिक्षक झाला. १९७३ मध्ये अलीचा जबडा मोडून त्याला हरवणारा केन नॉर्टन त्याचाच शिष्य. डरहॅम त्याच वर्षी वारला आणि फ्रेझरची जबाबदारी फचकडे आली.

१ ऑक्टोबर १९७५, मनिला. अली-फ्रेझर तिसरी लढत. फ्रेझरला डाव्या डोळ्याने आधीच नीट दिसत नव्हते, उजवा सुजून बंद झालेला. चौदा फेऱ्या झाल्या होत्या, एकच उरली होती. फ्रेझर उठायला बघत होता, ओरडून विरोध करत होता. फचने त्याला बसवले आणि लढत थांबवली. समोर अलीही कोसळायच्या बेतात होता, म्हणजे ती फेरी कदाचित फ्रेझरची ठरली असती. फचला पट्ट्यापेक्षा पोरगा मोलाचा वाटला.

आता हेच पडद्यावर पाहा. 'रॉकी ४' (१९८५) मध्ये अपोलो मार खात असतो, रॉकीच्या हातात टॉवेल असतो, तो फेकत नाही आणि अपोलो मरतो. 'क्रीड'च्या शेवटच्या फेरीआधी रॉकी म्हणतो, थांबवतो. अडॉनिस म्हणतो, नको, मी चूक नाही हे मला सिद्ध करायचे आहे. आणि रॉकी पुन्हा एकदा थांबवत नाही. ज्याच्या जन्मालाच समाजाने चूक ठरवले, त्याचे ते वाक्य आपल्या लोकांना आतपर्यंत लागते, मलाही लागले. तरीही गुरू म्हणून माझे मत फचच्या बाजूने आहे.

कूगलरला हे कळत नव्हते असे नाही. काळ्या तरुणावरील पोलिसी गोळीबारावर 'फ्रूटव्हेल स्टेशन' (२०१३) करणारा हा माणूस. अडॉनिसच्या चड्डीवर त्याने 'क्रीड'सोबत 'जॉन्सन' हे आईचे आडनावही ठेवले.

जॉन्सन हे नाव बॉक्सिंगमध्ये साधे नाही. जॅक जॉन्सन १९०८ साली पहिला काळा हेवीवेट विश्वविजेता झाला. १९१३ साली सगळ्या गोऱ्या ज्यूरीने त्याला गोऱ्या स्त्रीशी असलेल्या संबंधांवरून दोषी ठरवले. माफीसाठी त्याच्या नात्यातल्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. मे २०१८ मध्ये, मृत्यूनंतर ७२ वर्षांनी, ती मिळाली. ट्रम्प यांनी सांगितले की हे प्रकरण त्यांना फोन करून सिल्व्हेस्टर स्टॅलोनने कळवले. सही झाली तेव्हा तो तिथे हजर होता.