पॅकेट ट्रेसरमधील साधे नेटवर्क

पॅकेट ट्रेसर : संगणकांचे नेटवर्क पडद्यावर जोडून चालवून पाहण्याचे सिस्को कंपनीचे सॉफ्टवेअर. १९९७ मध्ये सुरू झालेल्या सिस्को नेटवर्किंग अकादमीच्या अभ्यासक्रमांत ते वापरले जाते आणि नोंदणी केल्यावर विनामूल्य मिळते. महाराष्ट्रातील पदविका व अभियांत्रिकी महाविद्यालयांतही नेटवर्कची प्रात्यक्षिके त्यावर होतात. प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती खरा राउटर देणे परवडत नाही, हे त्यामागचे उघड कारण. पण त्याचा खरा गुण वेगळा आहे. खऱ्या तारेतून काय वाहते ते डोळ्यांना दिसत नाही. इथे ते दिसते.

मांडणी : एक स्विच आणि चार पीसी जोडले की संदेश लगेच पोचतात, मात्र त्यात शिकण्यासारखे थोडेच असते. दोन छोटी नेटवर्क आणि मध्ये एक राउटर, ही मांडणी सुरुवातीला सर्वांत उपयुक्त. १९४१ या मॉडेलच्या राउटरच्या दोन गिगाबिट पोर्टांना एकेक २९६० स्विच जोडावा आणि प्रत्येक स्विचला दोन पीसी. या सर्व जोडण्यांना स्ट्रेट-थ्रू केबल चालते. पीसीला पीसी थेट जोडायचा तर क्रॉसओव्हर लागते. केबल आपोआप निवडण्याची सोय आहे, पण नवशिक्याने ती टाळावी.

जोडणी होताच स्विचच्या टोकाला नारिंगी खूण दिसते आणि सुमारे ३० सेकंद तशीच राहते. केबल चुकली असे वाटून ती काढून पुन्हा लावण्याचा मोह होतो. पण स्विच तेवढा वेळ, जोडण्यांत कुठे वर्तुळ तर झाले नाही ना, याची खातरजमा करत असतो; वर्तुळात एकच संदेश फिरत राहिला तर सारे नेटवर्क ठप्प होऊ शकते. स्पॅनिंग ट्री नावाची ही पद्धत रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये शोधली. राउटरकडची लाल खूण मात्र थांबून जात नाही. सिस्को राउटरचे पोर्ट मुळात बंद असतात. पत्ता दिल्यावर ‘नो शटडाउन’ ही आज्ञा द्यावीच लागते.

पत्ते : डावीकडे १९२.१६८.१.० आणि उजवीकडे १९२.१६८.२.० अशी दोन नेटवर्क धरावीत. मास्क २५५.२५५.२५५.० असल्याने प्रत्येकात २५४ यंत्रांना पत्ते देता येतात. शेवटचा आकडा राउटरच्या दोन्ही पोर्टांना १ आणि पीसींना १०, ११ असा द्यावा. प्रत्येक पीसीत गेटवे म्हणून आपल्या बाजूच्या राउटर-पोर्टचा पत्ता लिहावा. गेटवे म्हणजे गावाची वेस: बाहेरगावचा निरोप तिथूनच जातो. राउटरला वेगळा मार्ग शिकवावा लागत नाही, कारण दोन्ही नेटवर्क त्याला थेट जोडलेली असतात.

पहिला पिंग : पिंग म्हणजे समोरचे यंत्र उत्तर देते का हे तपासणारी आज्ञा. डावीकडच्या पीसीवरून १९२.१६८.२.१० ला पिंग केले की चार निरोप निघतात. बहुधा पहिल्याला उत्तर येत नाही, पुढच्या तिघांना येते. हा बिघाड नव्हे. नेटवर्कमध्ये निरोप प्रत्यक्ष पोचवायला यंत्राचा ४८ बिटांचा मॅक पत्ता लागतो आणि तो आधी माहीत नसतो. म्हणून पीसी आपल्या गावात दवंडी पिटतो, ‘१९२.१६८.१.१ कोण?’ दवंडी सर्वांना ऐकू जाते, उत्तर फक्त राउटर देतो. ही दवंडी वेशीबाहेर जात नाही. त्यामुळे पलीकडच्या पीसीसाठी राउटरला आपली स्वतंत्र दवंडी द्यावी लागते आणि ती देताना हातातला पहिला निरोप तो टाकून देतो. दवंडी पिटून मॅक पत्ता शोधण्याचा हा नियम म्हणजेच १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेला एआरपी.

सिम्युलेशन मोडमध्ये हे सारे टप्प्याटप्प्याने पाहता येते. आधी दाखवायच्या संदेशांच्या यादीत एआरपी आणि पिंग ज्याने चालते तो आयसीएमपी एवढेच ठेवावे, नाहीतर स्विचांच्या आपसांतल्या संदेशांची गर्दी होते. संदेश पाकिटाच्या रूपात सरकतो आणि त्यावर क्लिक केले की आतला मजकूर उघडतो. राउटरपूर्वीचे आणि नंतरचे पाकीट आवर्जून ताडून पाहावे. आयपी पत्ते तेच राहतात, मॅक पत्ते दोन्ही बदलतात आणि टीटीएल, म्हणजे प्रत्येक राउटरपाशी एकने घटणारा आकडा, १२८ वरून १२७ होते. पुस्तकातली कितीही पाने वाचली तरी हा भेद असा मनात ठसत नाही.

चुका शोधणे : उजवीकडच्या पीसीचा गेटवे मुद्दाम पुसून पुन्हा पिंग करावे. डावीकडे ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ दिसते. डावीकडचा गेटवे पुसला तरीही तेच दिसते. पाठवणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटते. पाकिटाचा प्रवास पाहिला की कळते, एकदा निरोप निघालाच नाही आणि एकदा तो पोचला पण उत्तराला परतीची वाट सापडली नाही. नेटवर्क दुरुस्त करणाऱ्याला जाण्याची व परतीची वाट वेगवेगळी तपासावी लागते, ती सवय इथेच लावून घ्यावी.

राउटरला दिलेल्या आज्ञा त्याच्या चालू स्मृतीत असतात. नवे मॉड्यूल बसवण्यासाठी राउटर बंद केला की त्या पुसल्या जातात; म्हणून त्या जतन करणारी ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग’ ही आज्ञा आधी द्यावी.

मर्यादा : पॅकेट ट्रेसरमध्ये राउटरची खरी प्रणाली चालत नाही, तिच्या वागण्याचे अनुकरण होते. त्यामुळे खऱ्या राउटरवरच्या कित्येक आज्ञा इथे स्वीकारल्या जात नाहीत आणि पिंगसमोर दिसणाऱ्या मिलिसेकंदांवरून वेगाचा अंदाज बांधता येत नाही. खरी प्रणाली चालवून पाहायची तर जीएनएस३ हे सॉफ्टवेअर आहे, पण तिची प्रतिमा-फाइल वापरणाऱ्याने स्वतः मिळवावी लागते आणि संगणकही जास्त स्मृतीचा लागतो.