तळटीप : मांस आणि चीजचे ताट

१२. सातिवली हे वसई पूर्वेतील महामार्गालगतचे गाव. आता वसई-विरार महापालिकेच्या हद्दीत. तिथे पाहुण्यांपुढे येणाऱ्या या ताटाला हॉटेलांची नक्कल समजू नये. वसईतला पोर्तुगीज अंमल १७३९ मध्ये संपला, पण मांस खारवून टिकवण्याची रीत वसई-मुंबईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत राहिली. ताटात पहिला मान खारवलेल्या जिभेचा. ती काट्याने सगळीकडून टोचायची, मीठ, लिंबाचा रस आणि किंचित सोरा चोळून काही दिवस वजनाखाली दाबून ठेवायची, अधूनमधून उलटायची. मग मऊ शिजवून वरची खरखरीत साल गरम असतानाच सोलायची. काप मात्र पूर्ण गार झाल्यावरच काढायचे, नाहीतर तुकडे पडतात. २०१५ पासून राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आल्याने आता म्हशीचीच जीभ घेतात. गोव्याची चोरिस (सॉसेज) कच्ची असते, ती शिजवूनच मांडावी. चीजसाठी परदेशी डबा धुंडाळण्याची गरज नाही. पारशांचे टोपली पनीर, म्हणजे रेनेटने दूध गोठवून इवल्या टोपल्यांत निथळवलेले, या खारट मांसाशेजारी उत्तम लागते. ते फार नाजूक. दमट हवेत लवकर आंबते, म्हणून खारवलेल्या निवळीतून शेवटच्या क्षणी काढावे. पावाच्या जागी फुगे, म्हणजे तळलेले गोल पाव. आणि अंजिरांऐवजी आगाशीकडची, राजेळी केळ्यांची सुकेळी ठेवावीत. खारवलेल्या जिभेला तीच अधिक शोभतात. — संपा.